सबवूफरची ओटी

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. बी.कॉम. हे मी चारचौघांत सांगते आणि त्यात मला लाज वाटत नाही. तोटा एवढाच, की इंग्रजी कागद असलेली कुठलीही वस्तू घरात आली की ती माझ्यापुढे येऊन पडते. मिक्सर आला, मी. बागेतल्या पंपाचा स्टार्टर बदलला, तेव्हाही मीच. कॉमर्सला यातलं काही शिकवत नाहीत, असं वडिलांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वाचता येतं ना? मग झालं."

भावाच्या हळदीला डीजे सांगू नका, हे मीच म्हटलं. आमच्या गल्लीत त्याचा टेम्पो वळवायचा तर कुणाच्या तरी केळी आडव्या होणार. दोन स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा खोका, आणू. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात असतो, मी लावून देते. आता आमच्या निर्मळ गावाच्या बाजूला लग्नात जेवण कमी पडलं तर लोक एकवेळ विसरतील, हळदीला आवाज कमी पडला तर नाही. भाऊ म्हणाला, "ताई, वाजलं नाही ना, तर पाहुणे तुझ्या डिग्रीला हसतील." खोटं काही नव्हतं त्यात.

हळदीच्या दुपारी आधी सबवूफरबरोबर आलेलं पुस्तक अख्खं वाचलं. मांडवातली जमीन ओलसर, म्हणून खोका फळीवर ठेवला, भिंतीपासून जरा पुढे. सगळ्या वायरी जोडून होईपर्यंत पिन लावायची नाही. बोर्ड लांब पडला, तेव्हा भाऊ एक वायर सोलून काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात बसवायला निघाला. त्याला सांगितलं, नवरदेव चिकटला तर नवरीकडच्यांना फोन मी करणार नाही. मग शेजारून तीन पिनांचा, अर्थिंगवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणला. आवाज शून्यावर ठेवून बटण दाबलं, हळूहळू वाढवला. ढोलकीची थाप अशी गोल आली की वडील केळीची पानं पुसायची सोडून बाहेर आले. सगळं बंद केलं, पिन काढली आणि मी तयार व्हायला गेले.

संध्याकाळी खुर्च्या भरल्या, नवरदेव पाटावर बसला, मी गाणं लावलं. ढोलकीऐवजी खर्रर्र. डब्यात खडे घालून कुणी हलवावा तसं. आवाज कमी केला, तरी खर्रर्र. पाहुणे माझ्याकडे बघू लागले आणि भावाने तर हळद लावलेलं तोंड फिरवूनच घेतलं. मी बटण बंद केलं, पिन काढली आणि मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. पुढच्या बाजूला हवेसाठी तांब्याच्या तोंडाएवढं भोक असतं. आत तांदूळ, सुपाऱ्या, हळकुंडं, झेंडू. मागची लोखंडी पाटी तापते म्हणून ती मोकळी सोडायची असते, तिच्यावर हिरवा खण.

आत्या शांतपणे पुढे आली.

"घरात नवीन आली, तिची ओटी नको भरायला? मीच भरली गो."

तिला समजावलं की आत हवा खेळते, तांदूळ उडतात, स्पीकरचा कागदाचा पडदा फाटेल. तिला ते पटलंही. पण भरलेली ओटी काढायची कशी? सवाष्णीची ओटी कुणी ओरबाडून घेतं का? ती खोक्यासमोर उभी राहिली आणि हटेना. पाहुण्यांतल्या बायकाही मान डोलवू लागल्या. म्हणजे आता हळद मुकी जाणार आणि दोष डिग्रीचा.

मी म्हटलं, "आत्या, ओटी काढायची नाही. तिलाच आईची ओटी भरू दे की."

आत्याने विचार केला. मग स्वतःच आईला हाताला धरून आणलं. आईने कुरकुरत पदर पसरला, मी सगळ्या वायरी सोडवल्या, आणि वडिलांनी तो जड खोका पोटाशी धरून तिच्या पदरात वाकवला. तांदूळ सांडले, झेंडू आला. एक सुपारी अडली, ती मी बोटाने काढली. आत्याने लगेच आईला कुंकू लावलं, आणि खण तर कुणी मागायच्या आधीच आईने कनवटीला लावला.

पुन्हा जोडलं, शून्यापासून वाढवलं. थाप आली. पहिली आत्याच उठली.

भाऊ नाचता नाचता ओरडत होता, वाढव, वाढव. पुस्तकात जेवढा सांगितला होता त्याच्यापुढे मी आवाज नेला नाही. मग हळदीने माखलेली मंडळी स्वतःच बटणाकडे येऊ लागली. तेव्हा वडिलांनी खुर्ची ओढून खोक्याशेजारी मांडली आणि जो येईल त्याला सांगत राहिले, "लांबनं. माझ्या पोरीने लावलंय."