दोन कोटांतला चांगला

शिलाईवाल्या मावशींचं नाक फार तिखट. नुसत्या वासावरून कापड किती वर्षं कपाटात कुजत पडलं होतं ते सांगायच्या. म्हणूनच नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये जमलेले कपडे निवडायचं काम फादरांनी त्यांच्या गळ्यात घातलं.

त्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा उतारा होता. लोक त्याला विचारतात, आम्ही करावं तरी काय? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या. "पुलाखाली झोपणाऱ्यांकडे एकही नाही," फादर म्हणाले. लोकांचे डोळे पाणावले आणि आठवड्यात सभागृहात पिशव्यांचा ढीग लागला.

मावशींनी पहिली पिशवी सोडली अन् त्यांना उमासाच आला. काखेत पिवळे पडून कडक झालेले शर्ट, दुपट्यावर वाळलेली ओकारी, मोज्यांत उंदराच्या लेंड्या.

"शी! देवाच्या नावावर घरचा उकिरडा आणून ओतलाय मेल्यांनी!"

"मावशी, त्यांची भावना बघा," फादर म्हणाले.

"भावनेलाच वास येतोय, फादर."

अर्ध्याहून जास्त कपडे त्यांनी मागच्या अंगणात जाळायला काढले. शेवटच्या पिशवीत एक करडा कोट निघाला. शिलाई ओळखीची वाटली, आणि वाटणारच. त्यांनी स्वतः मुलासाठी शिवलेला कोट तो! पाठीवर तेलाचा डाग, आणि बटणं तेवढी सगळी कापून घेतलेली.

घरी सून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बटणं तरी ठेवायचीस गं! थंडीत त्या माणसानं कोट काय हातानं धरून बसायचं?"

"पितळी होती आई, वाया कशाला घालवायची? आणि तुमच्या कपाटात दोन कोट आहेत. त्यातला कुठला दिलात?"

मावशींनी दिली होती एक विरलेली शाल, तीही रफू न करता. आता मात्र त्यांना स्वतःचीच किळस आली.

सकाळी त्या चांगला निळा लोकरी कोट, नाताळात घालायला ठेवलेला, सभागृहात ठेवून आल्या. पुण्यबिण्य काही वाटलं नाही, उलट घरात चोरी झाल्यासारखं वाटलं.

नाताळच्या सकाळी जुना कोट घालून त्या मिस्सेला बसल्या, आणि पुढच्याच बाकावर त्यांचा निळा कोट! आत पुलाखालचा एक माणूस. दारूचा भपकारा येत होता. त्यानं नाक ओढलं आणि सरळ बाहीला पुसलं. फादर गव्हाणीतल्या बाळाचं वाचत होते. गव्हाण म्हणजे जनावरांच्या लाळेनं चिकट झालेलं लाकूड, हे मावशींना आज पहिल्यांदा सुचलं, आणि तेही मुळीच आवडलं नाही.

एकमेकांचा हात धरून शांतीची खूण द्यायची वेळ आली. तो माणूस मागे वळला, हात पुढे केला. "शांती असो, आई."

हात ओलसर होता. मावशींनी दात आवळून तो धरला.

मिस्सा संपेपर्यंत त्यांनी आपला हात अंगापासून लांब ठेवला. मग बाहेरच्या नळावर साबणानं घासून घासून धुतला आणि तडक त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खांद्यात काचतोय तुला तो. उद्या दुकानात ये, सैल करून देते," त्या म्हणाल्या. "आणि येताना आंघोळ करून ये!"