बंदुकीची वारसदार

माझ्या वडिलांच्या घरी एक बंदूक आहे. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण ते वेळेवर न बोलल्यामुळे जे झालं तेच मला सांगायचं आहे.

बंदूक म्हणजे फार मोठं काही नाही. ठासणीची, एकनळी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात अशा चार-पाच घरांत तरी सापडतील. काजूच्या बागेत माकडं उतरली की वडील हवेत एक बार काढतात, माकडं डोंगरात पळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सही करून परत आणायची. मधले दिवस माकडांची चैन असते.

परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, मग वडिलांच्या नावावर आला. वडील आता शहात्तर वर्षांचे आहेत. सत्तरी उलटली की हयातीतच परवाना वारसाला देण्यासाठी अर्ज करता येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि वारसही त्यांनी कधीच ठरवून टाकला आहे. तो मी नाही. एक तर मी रियाधला असतो, अल मलाझ भागात, आणि इथून माकडं हाकता येत नाहीत. दुसरं म्हणजे मी सतरा वर्षांचा असताना त्यांनी मला एकदा राखणीला बसवलं होतं. मी झाडावर बांधलेल्या माळ्यावर पुस्तक वाचत राहिलो आणि खाली माकडांनी हवं तेवढं खाल्लं. वडील रागावले नाहीत. पुन्हा राखणीला मात्र कधी पाठवलं नाही.

वारस आहे माझी मुलगी. ती चौदा वर्षांची आहे, इथल्या भारतीय शाळेत नववीला. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी जातो आणि पोचल्या दिवशीच ती आजोबांमागे बागेत नाहीशी होते. राखणीच्या माळ्यावर ती दोन-दोन, तीन-तीन तास बसते. पाणी प्यायला उतरत नाही, बोलत नाही. कुठल्या फांदीवर हुप्प्या बसलाय, कुठून पिलंवाली येणार, हे ती वडिलांच्या आधी ओळखते. तिच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून वडील तिला सांगत आलेत, "गे बाय, ही बंदूक तुझ्याच नावार करतलंय." अट एकच होती. एकवीस पूर्ण होईपर्यंत तिने बंदुकीला बोट लावायचं नाही.

हीच मुलगी रियाधच्या घरात मोजे घालायला बसते आणि एका मोज्यावर वीस मिनिटं निघून जातात. डबा शाळेत राहतो, वही बसमध्ये राहते, गणिताचं उदाहरण अर्ध्यावर सोडून ती खिडकीतल्या कबुतराकडे बघते. माझी बायको घरी शिकवण्या घेते. दुसऱ्यांची मुलं तिच्यासमोर गुपचूप बसून पाढे म्हणतात आणि स्वतःची मुलगी खुर्चीवर उलटी लटकते. "लक्ष कुठे आहे तुझं?" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून किती वेळा म्हटलं जायचं याला गणती नव्हती. मी तर कडक शब्दांत म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

शेवटी शाळेनेच सांगितलं, की तज्ज्ञाला दाखवा. लेखी रिपोर्ट महिनाअखेरपर्यंत आणलात तर परीक्षेत जादा वेळ देता येईल, पुढच्या बाकावर बसवता येईल. जवळच्या एका दवाखान्यात मुलांच्या मानसोपचाराची डॉक्टर होती, सुदानी, पन्नाशीची, कमी बोलणारी. दोन भेटी झाल्या. तिने मुलीला कोडी घातली, आम्हाला पानंच्या पानं प्रश्नावली भरायला लावल्या. कुटुंबात आणखी कुणी असं होतं का, असं विचारल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी गालिच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरने निदान सांगितलं. एडीएचडी. मुलगी आळशी नाही, बेफिकीर नाही, तिचं लक्ष तिच्या हुकमाने चालत नाही एवढंच, असं तिने फार साध्या इंग्रजीत समजावलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र आधी त्या रिपोर्टचा कागद डोळ्यांसमोर दिसला.

इथे माझा धंदा सांगायला हवा. मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. कुठल्या नकाशाची कुठली आवृत्ती साइटवर गेली, कुणी सही केली, कुठला कागद रद्द झाला, हे सगळं माझ्या रजिस्टरात असतं. एकदा चढलेली नोंद पुसता येत नाही, हे मी गेली अठरा वर्षं इंजिनिअर लोकांना तोंड दुखेपर्यंत सांगत आलोय. त्यातून आम्ही परदेशात इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, जगणारी माणसं. आमचं सगळं कागदावरच उभं असतं. पोरीच्या नावापुढे मानसोपचाराचा कागद लागणार, आणि तोही कायमचा.

तेवढ्यात डॉक्टरने मुलीला विचारलं, तुला काही शंका आहे का? मुलीने लगेच, अगदी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "यामुळे मला माझी बंदूक मिळणार नाही असं होईल का?"

डॉक्टरचं पेन थांबलं. कुठली बंदूक, असं तिने शांतपणे विचारलं. मुलगी उत्साहाने सांगायला लागली. आजोबा, परवाना, एकवीस वर्षं, माकडं. ती नेहमीसारखी एकातून दुसऱ्यात उड्या मारत होती आणि त्यात तिने तोंडाने बार काढल्याचा आवाजही करून दाखवला. डॉक्टर माझ्याकडे वळली. घरात किंवा कुटुंबात कुणाकडे शस्त्र आहे का?

मी म्हणालो, "नाही मॅडम. ती गंमत करतेय."

का म्हणालो? परक्या मुलखात, मानसोपचाराच्या दवाखान्यात, चौदा वर्षांच्या मुलीच्या नावाशेजारी बंदूक हा शब्द लिहिला जाऊ नये म्हणून म्हणालो. मला वाटलं, मी कागद साफ ठेवला. शिवाय निघताना डॉक्टरला बाजूला घेऊन आजाराचं नाव न लिहिता नुसतं "अभ्यासात मदत हवी" असं लिहाल का, असंही विचारलं. तिने नकार दिला. नाव नसेल तर शाळा काही देणार नाही, म्हणाली.

गाडीत बायको पुढे, मुलगी मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला. ती आमच्याशी इंग्रजी आणि हिंदी मिसळून बोलते, राग आला की निव्वळ हिंदी. "बाबा, आप ने डॉक्टर को बोला मैं मज़ाक कर रही हूँ. अब वो मेरी कोई भी बात सच नहीं मानेगी." मी म्हटलं, ते तुझ्या भल्यासाठी होतं. घरी आल्यावर तिने दप्तर जागेवर ठेवलं, मोजे काढून धुवायला टाकले आणि खोलीत गेली. एवढं शहाण्यासारखं वागताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या शाळेतल्या मित्राला फोन लावला. लहानपणी एडीएचडीचं निदान झालं तर पुढे बंदुकीचा परवाना मिळतो का? तो आधी हसला, मग म्हणाला, आजवर असं कुणी विचारलेलंच नाही. शारीरिक आणि मानसिक दृष्ट्या ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला अर्जासोबत लागतो. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला परवाना देत नाहीत. पण लक्ष भटकणाऱ्या मुलीचं काय, हे त्या वेळचा डॉक्टर आणि त्या वेळचा अधिकारी ठरवणार. मिळेल किंवा नाही मिळणार. मी विचारलं, मग रिपोर्टच नसला तर? तो गंभीर झाला. "हे बघ, रिपोर्ट असो नसो, अर्जावर खोटं लिहायचं नाही. माणूस अडकतो तो त्याने," म्हणाला.

आठवड्याने रिपोर्ट हातात आला. मी सवयीने शेवटून वाचायला सुरुवात केली. निदान ठीक होतं, शिफारशी ठीक होत्या. मधे एक परिच्छेद होता. मुलगी स्वतःच्या बंदुकीविषयी तपशिलाने आणि उत्साहाने बोलते, कुटुंबात बंदूक नसल्याचं वडिलांनी स्पष्ट केलं आहे, या कल्पनेकडे लक्ष ठेवावं.

मी तो परिच्छेद चार वेळा वाचला. मी गप्प राहिलो असतो किंवा खरं बोललो असतो, तर तिथे कोकणातली एक आजोबांची नात दिसली असती. माझ्या एका "नाही"मुळे तिथे एक अशी मुलगी उभी राहिली होती, जिच्या डोक्यात नसलेली बंदूक फिरते. आणि हा कागद मी स्वतःच्या हाताने शाळेत देणार होतो. बायकोने वाचला आणि एवढंच म्हणाली, की आता जे करायचं ते तूच कर, आणि पोरीसमोर कर.

मी पुन्हा वेळ घेतली. मुलगी यायला तयार नव्हती. मी तिला सांगितलं, की मला डॉक्टरला काहीतरी सांगायचंय आणि ते तू ऐकायला हवंस. ती आली, पण खुर्ची माझ्यापासून लांब ओढून बसली.

रिपोर्ट टेबलावर ठेवून मी डॉक्टरला म्हटलं, हा परिच्छेद चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. ती म्हणाली, एकदा लिहिलेलं मी खोडत नाही. नवीन माहिती असेल तर सांगा, तारीख घालून नवीन लिहीन. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच धंद्यातलं वाक्य समोरून ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "बंदूक आहे. माझ्या वडिलांकडे आहे, परवान्याची. हिने जे सांगितलं ते सगळं खरं होतं. मी खोटं बोललो, कारण मला भीती वाटली."

मग डॉक्टरने प्रश्न विचारले आणि या वेळी मी मधे न बोलता मुलीला उत्तरं देऊ दिली. बंदूक कुठे असते? आजोबांच्या खोलीत, कपाटात, कुलपात. किल्ली कुणाकडे? आजोबांच्या कमरेच्या करगोट्याला. तू कधी हात लावलास? नाही. एकदाही नाही? एकदाही नाही. आठ सुट्ट्या आणि एकदाही नाही. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही मुलगी डबा विसरते, वही विसरते, चपला उलट्या घालते, पण हा नियम तिने मोडलेला नाही. हे मी बोलत असताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. माळ्यावरच्या तीन तासांचंही मी सांगितलं. डॉक्टर लिहीत राहिली.

बंदूक मिळेल का, हा प्रश्न मुलीने पुन्हा विचारला. डॉक्टर म्हणाली, मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी हो म्हणणार नाही. एकवीसची झालीस की कुणीतरी तुला तपासेल. तेव्हा हे निदान लपवू नकोस, आणि इतकी वर्षं काय काय सांभाळलंस तेही सांग. मुलीने मान हलवली. परत जाताना ती गाडीत पुढे बसली. बायको शिकवणीमुळे आली नव्हती, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं, पण मला बरं वाटलं.

शाळेने जादा वेळ दिला. गोळ्याही सुरू झाल्या आहेत. काही दिवस बरे जातात, काही दिवस मोज्यातच जातात.

उरले वडील. शुक्रवारी सकाळी त्यांना फोन केला आणि निदान, रिपोर्ट, माझा खोटेपणा, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, हिला परवाना मिळेलच असं नाही. तुमचं वय झालंय, अर्ज आताच करायचा तर चुलतभावाच्या मुलाचं नाव घाला, तो गावातच असतो.

वडील म्हणाले, "ता पॉर राखणीक बसता तसा माका अजून कोणी मिळाक नाय. तिका एकवीस वर्सा होवची आसत ना? मगे मी ऱ्हवतंय थांबान."

मी हिशेब केला. तेव्हा ते त्र्याऐंशीचे असतील.

आई म्हणते, जन्मभर रक्तदाबाच्या गोळीला टाळाटाळ करणारा माणूस त्या शुक्रवारपासून रोज सकाळी स्वतःहून डबी मागून घेतो.