शिवदासला मिळालेला कौल

आमच्या मुळगावच्या शिवदासने सव्वीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. भरल्या गाडीनिशी उतारावर ब्रेक गेला तेव्हाही तो डगमगला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले. मध्येच चुकत, मध्येच धावत सुटत. गेल्या जानेवारीत डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून आतली बिघडलेली जागा जाळली. घरी पाठवताना बजावलं, तीन महिने ठोके अधूनमधून उडतील, घाबरू नका. मात्र रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवू नका.

तो घाबरलाच. उशीत ठोके ऐकू येतात म्हणून डाव्या कुशीवर झोपेना. न्हाणीला आतून कडी लावेना. डाव्या हाताची बोटं सदानकदा उजव्या मनगटावर.

"दिसभर आपलोच हात धरून बसतत," त्याची बायको सुमंगला मला म्हणाली. मी त्यांचा शेजारी. "लग्नात माझो इतको वेळ धरूक नाय!"

शिवदास हसला नाही. "भाऊ, माका दिसता, ह्या गोळयेनच धडधडता. देवाक विचारूया."

"डॉक्टरांक विचार मरे."

"ते आणखी एक गोळी देतले."

सोमवारी मीच त्याला स्कूटरवरून देवळात नेलं. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी आधी पडली की होकार. प्रश्न एकच आणि नेमका लागतो. शिवदास भटजींसमोर गोळी, भीती, झोप सगळं एकदम सांगू लागला. मला मोघम बोलणं सहन होत नाही. मी प्रश्न बांधून दिला : 'गोळी बंद केली तर छाती शांत होईल का?'

उजवी पाकळी पडली. शिवदासने त्याच दिवशी गोळी बंद केली.

छाती शांत झालीही. तीन महिने भरत आले होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो एकटा डिचोलीच्या बाजारात जाऊन आला. पाव विकणाऱ्या पोदेराच्या हाळीला स्वतः फाटकापर्यंत जाऊ लागला. अकराव्या दिवशी सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडं झालं. रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. गोळी होती ती त्याचसाठी.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी सुमंगलाला सांगितलं, प्रश्न माझा होता.

"देवान खोटा सांगूक नाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "छाती शांतच आसा."

आता सकाळी आठला सुमंगला त्याला तीच गोळी भरवते आणि घोट उतरेपर्यंत समोर उभी राहते. मग त्याचा लुळा उजवा हात मांडीवर घेऊन नाडी मोजते. त्याच्यापाशी एकच शब्द उरला आहे.

"किती?"

"बाहत्तर."

तो मान हलवतो. त्याला पटत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते.