सिल्व्हर नायट्रेट आणि माझं पहिलं मत

काल मतदान करून आले. बोटावरचा डाग बघून नात म्हणाली, "आजी, फोटो टाक की." फोटो सगळेच टाकतात... मी त्याऐवजी एक गोष्ट टाकते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. बीएस्सी होऊन मी लातुरात पाणी तपासायच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. विहिरी आटल्या की उरल्यासुरल्या पाण्यात क्षार वाढतात, त्यामुळे गावोगावच्या पाण्याच्या बाटल्यांनी आमची टेबलं भरून गेली होती.

पाण्यात मीठ किती, हे बघायला सिल्व्हर नायट्रेट वापरतात. उजव्या हाताने फ्लास्क हलवत राहायचा आणि डाव्या हाताने ब्युरेटचा, म्हणजे वरच्या काचेच्या नळीचा, नळ थेंब थेंब सोडायचा. रसायन घालून पिवळं केलेलं पाणी विटकरी झालं की थांबायचं.

आमच्या ब्युरेटचा नळ ठिबकायचा, आणि हातमोजे कुणी बघितले होते! थेंब लागतो तेव्हा पाण्यासारखा, उन्हात गेलं की काळाकुट्ट. मी रोज लिंबू चोळायचे... पण कातडी बदलल्याशिवाय तो डाग काही हलत नाही.

अशात जिल्हा परिषदेचं मतदान आलं. माझं पहिलंच, आणि नाव गावच्या यादीत... अहमदपूर तालुक्यात. बाबा मजुरी करायचे, पण एक मत कधी चुकवलं नव्हतं. प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांतही त्यांनी पांढरा सदरा धुऊन ठेवला होता.

शाळेतल्या केंद्रावर बाबांनी आधी मत दिलं आणि दाराबाहेर थांबले. मग माझा नंबर आला. शाई लावणाऱ्याने माझ्या डाव्या हाताचं काळं बोट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

गोविंदकाका, गावातले मोठे शेतकरी, एका उमेदवाराचे एजंट म्हणून तिथे बसले होते. ते उठलेच. "हिचं झालंय, साहेब. लातुरात देऊन आली आसंल."

केंद्राध्यक्ष मास्तर होते, बिचारे. म्हणाले, "शाई असेल तर मत देता येत नाही, ताई."

मी पडले विज्ञानाची पदवीधर! ताठ मानेने सांगितलं, "ही शाई नाही सर, सिल्व्हर नायट्रेट आहे. तुमच्या त्या बाटलीत असतं ना, तेच."

गोविंदकाका म्हणाले, "घ्या! सोताच कबूल करायली."

बाबा दारातून बघत होते. मत गेलं असतं तरी मी सहन केलं असतं, पण त्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघायची हिंमत होईना.

माझ्या मागे बांगड्या विकणाऱ्या खैरूनबी उभ्या होत्या. त्यांनी मान पुढे काढली. "ओ मास्तर, लेकराच्या अंगठ्याला बी डाग हाय, मधल्या बोटाला बी हाय. एका माणसाचे तीन-तीन मतं घ्यायलेत का तुमी?"

अख्खी रांग हसली. मास्तरांनी माझे हात उलटसुलट बघितले, यादी पुन्हा तपासली, आणि शाई करंगळीला लावली... डाव्या हाताला मोकळी जागा तेवढीच होती. मी मत दिलं.

बाहेर आले तर गोविंदकाका मागोमाग व्हरांड्यात. आवाज एकदम खाली. "पोरी, तू पानी तपासतीस म्हन. आमच्या हिरीची बाटली आली व्हती का? पिता येतंय न्हवं?"

टंचाईत पाणी उरलेली गावातली ती एकच विहीर होती, आणि तिची बाटली माझ्याच हातून गेली होती.

"येतंय, काका," मी म्हणाले. "मीठ वाढलंय थोडं, पण प्या बिनघोर."

बाबा सगळं ऐकत होते. आम्ही घरी आलो. उंबऱ्याशी चपला काढताना एवढंच म्हणाले, "तुझी आजी घागर घेऊन त्याच हिरीपासून लांब उभी ऱ्हायची. कुनी वरून वतलं तरच पानी."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. खैरूनबींचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले... ते आज इथे मानते.

करंगळीचा तो डाग जाईपर्यंत मी बोटांना लिंबू लावलं नाही.