नव्या फ्रॉकची भीती

फाइलीत रकाने असतात, किस्से त्यात मावत नाहीत. मग ते साठत जातात आणि चहाला कुणी भेटलं की बाहेर पडतात. फसवून, विकून नेलेल्या मुली सुटल्यावर जिथं राहतात, अशा साताऱ्यातल्या एका निवासात मी समुपदेशक आहे. हे किस्से नऊ वर्षांच्या एकीचे. आम्ही तिला चिमी म्हणायचो. खरं नाव ती सांगत नव्हती. काहीच बोलत नव्हती.

*

पहिल्याच दिवशी मी उत्साहात म्हणाले, "ह्या शेवंतामावशी, स्वयंपाक करतात. काही लागलं तर मावशींना सांग हं!"

चिमी थेट टेबलाखाली!

तिच्यासोबत सुटलेल्या मुलीनं मग सांगितलं, त्यांना नेणारी बाईही 'मावशी'च होती. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, नात्याचे शब्द वापरा. ते आधी कुणी वापरलेत, हे विचारायला शिकवलं नव्हतं!

शेवंताबाई म्हणाल्या, "मग नुसतं 'ए' म्हनू दे की. नवरा बी तेच म्हनतोय!"

*

मी चेहऱ्यांची कार्डं मांडली. हसरा, रडका, रागीट. "आज तुझा कुठला?"

चिमीनं एकेक कार्ड पालथं घातलं.

शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "आवं ताई, एवढी तोंडं टकामका बघाय लागल्यावर मी बी भ्याले असते!"

*

कुणीतरी नवे फ्रॉक पाठवले. बाकीच्या मुली नाचल्या. चिमीनं तिचा घडीसकट बादलीत बुडवला.

त्या बाईनं गाडीत बसवण्याआधी तिला नवा फ्रॉकच दिला होता.

*

दार लावलं की ती कोपरा गाठायची. तिला कोंडलं होतं त्या घराला बाहेरून कडी असायची. म्हणून शेवंताबाई दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात कणीक मळायच्या. "मी हाय की हितं. कोन येतंय बघू!"

*

आणि एका दुपारी मामा आला. सख्खा मामा म्हणे! कागद पुरे, शिक्के झकास. दुसऱ्या दिवशी बालकल्याण समितीसमोर तारीख होती. कागद खरे ठरले, तर पोरगी त्याच्या गाडीत. चिमी आत, पिठाच्या डब्यामागं.

शेवंताबाई कणकेच्या हातांनीच उठल्या.

"पावनं, पोरीचं जावळ कुठं काढलं?"

"म्हसवडला. सिद्धनाथाला."

"कुनाच्या मांडीवर?"

"तिच्या आजीच्या."

"सख्खा मामा असताना?"

तो हसला. पिशवीतून नवा फ्रॉक काढून त्यानं उंबऱ्याकडं एक पाऊल टाकलं.

आतून आवाज आला. तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मावशी, कडी लावा!"