पुंजाजीचं अक्षर

पुंजाजीबद्दल लिहायचं तर आधी कबूल करून टाकतो, मी त्याच्यावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगला जेवताना घास अडकेल एवढा.

बुलढाण्याला स्टँडजवळ माझं पेंटरचं दुकान. नागपुरात तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन मी हा हुन्नर शिकलो. पुंजाजी जानेफळचा, घरी वांगी-मिरची लावणारा. तो कुणाकडे शिकला नाही की कुणाच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. तरी गडी ब्रश टेकवायचा आणि अक्षर असं यायचं, की बघणाऱ्याने उगाच दोनदा वाचावं.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. जिल्ह्याच्या एका साहेबांच्या मनात आलं, गावोगावच्या शाळांची नावं एकाच वळणात लिहिलेली दिसावीत. त्यांनी सगळ्या पेंटरांकडून मुळाक्षरांचे नमुने मागवले. मी आठ दिवस खपलो. पसंत पडली पुंजाजीची अक्षरं. साहेबांनी त्याचा कागद कौतुकाने माझ्यापुढे पसरला. त्यातला पहिला ‘अ’ मी बघितला. असा ‘अ’ मला जन्मात जमणार नव्हता. साहेबांची पसंती चुकली असती तर मला एवढा राग आलाच नसता.

ती अक्षरं कागदावर सुईने टोचून तालुक्यातालुक्यात पाठवली. टोचलेल्या कागदावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, खाली ठिपके उमटतात, ते जोडून रंग भरायचा. कुणालाही जमावं असं काम. पण महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. मलकापूरला पत्र्यावर तेलरंगात लिहिलेलं अक्षर झकास, आणि मेहकरकडे चुन्याच्या भिंतीवर तेच अक्षर अंगावर सूज आल्यासारखं. ‘व’ आणि ‘ब’ची पोटं बुजून गेलेली. दोन्हीकडे कागद एकच, पण एका माणसाचं अक्षर आहे म्हटलं तर कुणी मानलं नसतं.

मला तर साखर वाटावीशी वाटली.

साहेब वैतागले. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी पुंजाजीला सांगितलं, तुझ्याच गावच्या शाळेच्या भिंतीवर नीट लिहून दाखव, मी दुपारी येतो. नाही जमलं तर सगळं काम इंद्रभानला, म्हणजे मला. आणि नीट देखरेख व्हावी म्हणून मलाच त्याच्याबरोबर जानेफळला धाडलं.

दुखणं काय आहे ते मी भिंतीला हात लावताच ओळखलं. चुना पाण्यातला रंग पितो आणि रंग कडेने पसरतो. पत्र्यावर तसं होत नाही. म्हणजे भिंतीवर अक्षर मुद्दाम बारीक काढायचं, पोटं मोकळी ठेवायची. वाळल्यावर ते पत्र्यावरच्या अक्षराच्या जोडीचं दिसतं. सारखं दिसायला हवं तर वेगळं काढायला हवं, एवढीच गोष्ट.

पुंजाजीने ब्रश रंगात बुडवून भिंतीजवळ नेला. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “इंद्रभानभाऊ, जाड काढू का बारीक? तुमाले यातलं समजते.”

“जाड,” मी म्हणालो.

त्याने जाड काढलं. ओलं होतं तोवर छान दिसलं. साहेब आले तोवर अक्षरं एकमेकांत घुसली होती. सारा गाव गोळा झालेला. कुणी सल्ला दिला होता का, असं साहेबांनी विचारलं. पुंजाजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चूक आपलीच, असं तो म्हणाला.

काम मला मिळालं. पण साहेबांनी अक्षरं बदलू दिली नाहीत. मी पत्र्यासाठी एक कागद टोचला, भिंतीसाठी दुसरा, आणि दोन वर्षं जिल्हाभर पुंजाजीचं अक्षर लिहीत फिरलो. कोपऱ्यात नाव माझं. लोक वाहवा करायचे आणि मला ती नकोशी व्हायची.

पुढे एकदा जानेफळला उतरलो, माफी मागायची असं ठरवूनच. पुंजाजी पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर नाव लिहीत होता. मला पाहून खाली उतरला, चहा मागवला. विषय त्यानेच काढला.

“त्या दिवशी मले बारीकच दिसून राह्यलं होतं, भाऊ. पन तुमी जाड म्हटलं. मंग वाटलं, माहीच नजर चुकून राह्यली.”

त्याला अजूनही काही कळलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. अक्षर नवं होतं. शाळांवरचं नव्हे, अगदी वेगळं वळण, आणि पहिल्याहून देखणं. मी दोन वर्षं त्याचं जुनं अक्षर गिरवत होतो, आणि हा इथे गिरणीच्या भिंतीवर नवं काढून मोकळा झाला होता.

“कसं दिसते, भाऊ?” त्याने विचारलं.

“बरं आहे,” मी म्हणालो, आणि माफी न मागताच परतीची बस धरली.