उलट्या बाजूने घेतलेला ड्रमसेट

माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत ढोलात गेला होता आणि बाहेर येत नव्हता. मी परक्याच्या घरात फरशीवर फतकल मारून बसले होते. ढोलाचा मालक ओरडत होता, "मावशी, ओढू नका, कातडं फाटंल!" माझी नात ओरडत होती, "आजी, तू कशाला घातलास पण हात?"

ढोल म्हणजे जत्रेतला नव्हे. ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा, पायाने वाजवतात तो. त्याच्या पुढच्या कातड्याला मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं, आणि आवाज घुमू नये म्हणून आत चादर नाहीतर उशी कोंबतात. हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी मला भोक दिसलं आणि भोकातून सोलापुरी चादरीचं टोक दिसलं, एवढंच.

नात कॉलेजात आहे. तिथे पोरींचा एक बँड आहे, त्यात ही ड्रम वाजवते. दोन वर्षं दुसऱ्याच्या ड्रमवर वाजवलं, तो माणूस ड्रम घेऊन पुण्याला गेला. मग बँडमधल्या पोरींनी सांगितलं, रविवारपर्यंत स्वतःचा सेट आण, नाहीतर तुझी जागा दुसरीला. दुसरीच्या बापाने सेट आधीच घेऊन ठेवला होता. हिने तीन दिवस धड खाल्लं नाही. उशा, पिठाचा डबा, माझी पाठ, जे हाताला लागेल ते बडवत होती. दुकानात विचारलं तर नवा सेट मागवून यायला तीन आठवडे. म्हणून गुरुवारी आम्ही अक्कलकोट रोडला या माणसाकडे जुना बघायला आलो. याचा लग्नातला ऑर्केस्ट्रा होता. लग्नाला लोक डीजे लावायला लागले, तसा ऑर्केस्ट्रा बंद पडला.

पैसे माझे, म्हणून मी बरोबर आले. मला ड्रममधलं काही कळत नाही. चौथीपर्यंत शिकले आणि पुढे तीस वर्षं यंत्रमागावर काढली. कापड कळतं. कापड घेताना आम्ही आधी उलटी बाजू बघतो. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, विणणाऱ्याने काय लपवलंय ते मागच्या बाजूला दिसतं. म्हणून मी एकेक ड्रम उचलला आणि पालथा केला.

"मावशी, ते असं बघत नसतात," मालक म्हणाला.

"मग कसं बघतात?"

"वाजवून."

"मला ऐकू येत न्हाय," मी सांगितलं. खरंच येत नाही. मागाने कान खाल्ले.

छोट्या ड्रमच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या होत्या. मला त्या मागाच्या फणीसारख्या वाटल्या. एक तार तुटली होती, ती दाखवली. मालक म्हणाला, बदलून देतो. झांजा बघितल्या, त्यांच्या कडा बोटाने चाचपल्या. ठीक होत्या. नातीचं तोंड लाल झालं होतं. तिला मोठा काळा ढोल फार आवडला होता. त्याच्यावर हात फिरवत होती, म्हशीवर फिरवावा तसा.

कारखान्यात चाळीस माग एकदम चालू असले की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळ्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलो. हे मालकाला कसं माहीत असणार? त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो तिच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "आतली चादर काढू देऊ नको त्यांना."

मी ताबडतोब हात घातला.

चादर ओढली तर ती आत कुठल्याशा बोल्टला गुंडाळलेली. अजून हात घातला. माझ्या पाटलीत मी दोन सेफ्टी पिना अडकवून ठेवते, कधी लागतील सांगता येत नाही. त्यातली एक उघडली आणि चादरीच्या दशांत रुतली. पाटली लग्नापासून हातात आहे, आता सांध्यावरून निघत नाही. म्हणजे मी पाटलीला, पाटली पिनेला, पिन चादरीला आणि चादर ढोलाला. सगळे एकमेकांना धरून.

"कातडं उघडा की," मी म्हणाले.

"त्याची किल्ली लागती मावशी. किल्ली हरवलीय."

"कधी हरवली?"

"लई दिवस झाले."

बायको दारातून म्हणाली, "अहो, सकाळीच तर होती की तुमच्या खिशात!"

तो तिला म्हणाला, समोरच्या सायकलवाल्याला बोलव. ती गेली.

मी आत बसून होते, म्हणजे माझा हात. चादरीच्या मागे बोटं गेली तर लाकडाला एक उंचवटा लागला. लाकूड असं नसतं. मी नातीला म्हणाले, "पोरी, वाजव."

"काय?"

"तुझ्या पायानं वाजव. मी हितं आतच हाय."

"आजी, तू वेडी आहेस का?"

"वाजव म्हणते ना!"

ती स्टुलावर बसली आणि पायाने दणका दिला. माझा दंड खांद्यापर्यंत थरथरला. दुसरा दणका. तिसरा. मालक म्हणाला, "बघा, काय आवाज हाय!" नात म्हणाली, "मस्त आहे." मला आवाज लांबून, चटईवर उशी आपटल्यासारखा आला. पण बोटाखाली त्या उंचवट्यात भेग होती, ती दर दणक्याला तोंड उघडत होती आणि मिटत होती. एकदा बोटाचं कातडंसुद्धा चिमटलं तिने.

"फुटलाय," मी म्हणाले.

"आजी, आवाज चांगला येतोय की."

"चादरीचा येतोय. ढोल फुटलाय."

नात उठली. "तुला ऐकूच येत नाही! तू कशी ठरवतेस? मला हाच पाहिजे. रविवारी मी तिथे काय घेऊन जाऊ, पिठाचा डबा?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. हात अडकलेला असताना कुणाची समजूत काढता येत नाही.

सायकलवाला आला. पन्नाशीचा माणूस. त्याने मला बघितलं, ढोलाला बघितलं, परत मला बघितलं. "अम्मा, दर्द होता क्या?"

"न्हाय. खोल लवकर."

"हात ढिल्ला छोडो." त्याने एकेक स्क्रू सायकलच्या पान्याने सोडवला. कातडं निघालं. माझा हात, चादर आणि पिन, सगळं एकदमच बाहेर आलं.

आत कडेपासून बोल्टापर्यंत वीतभर भेग. त्यात भिंतीला लावतात ती लांबी भरलेली आणि वरून काळा रंग. सायकलवाल्याने नखाने टोकरलं तसं ढलपं निघालं. "ये तो गया," तो म्हणाला.

नातीने वाकून बघितलं. मग मालकाकडे बघितलं. "काका, मी रविवारी वाजवताना फुटला असता हा."

"एखाद-दुसरा कार्यक्रम निघाला असता," मालक म्हणाला. खोटं बोलत नव्हता, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

मी चादरही बघितली, उलटी करून. हलकी वीण. आमच्याकडून अशी चादर बाहेर गेली नसती.

आता बाकीचा सेट चांगला आणि मोठा ढोल नाही. नात भिंतीला टेकून उभी. तेव्हा मालकाची बायको म्हणाली, "त्यो जुना द्या की त्यांना. लाल."

"त्याच्यावर तुझा मिक्सर हाय."

"मिक्सर खाली ठेवते. पण मला एक स्टूल पाहिजे."

लाल ढोल स्वयंपाकघरातून आणला. हळदीचे डाग, मिरचीच्या वाटणाचे शिंतोडे, एका बाजूला तेलाचा गोल ठसा. पुढचं कातडं होतं, भोक नव्हतं. सायकलवाल्याने ते काढलं. मी आत हात फिरवला, पूर्ण गोल, दोनदा, पाटली पदरात गुंडाळून. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही. मग मी हात आत ठेवला आणि नातीने दणका दिला. लाकूड सगळीकडून सारखं हललं.

"हा घे," मी म्हणाले.

"आजी, बाकी सगळं काळं आणि हा लाल. लोक हसतील."

"हसू दे. मला ऐकू येत न्हाय."

ती हसली नाही. पण तिने अजून एक दणका दिला, मग अजून एक, आणि मग थांबेनाच. स्वयंपाकघरात भांडी खणखणायला लागली, म्हणे. मला फरशीतून कळत होतं.

रविवारी टेम्पोत सेट घालून ती गेली आणि संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. जागा तिचीच राहिली. मालकाच्या बायकोला मी आमचं जुनं लाकडी स्टूल नेऊन दिलं. काळ्या ढोलात ती आता कांदे ठेवते. तुटलेली तार मालकाने अजून बदलून दिलेली नाही.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही पाचजण होतो: मालक, त्याची बायको, सायकलवाला, माझी नात आणि मी. पाचही जिवंत आहोत. पाटलीतली दुसरी सेफ्टी पिन तेवढी सापडली नाही.